मावळा बोलायला लागतो तेव्हा

दिवाळीची सुट्टी लागली की गिरगावच्या वाड्यांत आणि परळ-लालबागच्या चाळींत अजूनही पोरं किल्ल्याच्या मागे लागतात. विटा, गोणपाट, चिखल, वर पेरलेले अळीव आणि दादरच्या बाजारातून आणलेले मातीचे मावळे. आणि आपण? "आधी हात धू", "किती वेळ चाललंय ते", "फराळाला ये बघू". कामावरून दमून यायचं आणि चकल्या तळायला बसायचं, मग तोंडून दुसरं काय निघणार?

पण किल्ला बांधून झाल्यावर जरा लांब उभं राहून ऐका. आधी मावळे नुसते रांगेत असतात. मग एखादी मुलगी दरवाज्याशी येते, "मी हिरकणी, माझं बाळ खाली आहे, दार उघडा." पहारेकरी झालेला मुलगा अडून बसतो, "दिवस मावळला, आता दार उघडत नाही." ती म्हणते, "मग मी कड्यावरून उतरते." जमेल का? दोघं तिसऱ्याकडे बघतात, आणि तो ठरवतो.

रांगेतल्या शिपायापासून बोलणाऱ्या पात्रापर्यंतचं एवढं अंतर कापायला जगातल्या मोठ्या माणसांना दीडशे वर्षं लागली. प्रशियाच्या सैन्यातल्या राइसविट्झ नावाच्या लेफ्टनंटने १८२४ साली नकाशावरचा युद्धखेळ छापला. अधिकारी आपले हुकूम पंचाला द्यायचे, फासे टाकले जायचे आणि काय घडलं ते पंच सांगायचा. १९१३ साली एच. जी. वेल्स या लेखकाने 'लिटल वॉर्स' लिहून तोच नाद घराच्या जमिनीवर आणला, खेळण्यातले सैनिक आणि खेळण्यातली तोफ घेऊन. तरी सैनिक सैनिकच राहिला. त्याला नाव नव्हतं, घरदार नव्हतं.

अमेरिकेत मिनियापोलिस-सेंट पॉल भागात डेव्हिड वेस्ली नावाच्या तरुणाने १९६९ च्या सुमारास 'ब्राउनस्टाइन' हा डाव मांडला. नेपोलियनच्या काळातलं एक काल्पनिक गाव घेतलं आणि फौजांच्या जोडीला गावातली माणसंही खेळाडूंना वाटून दिली. लढाई राहिली बाजूला, मंडळी कोपऱ्यात जाऊन कुजबुजायला लागली, कट रचायला लागली. वेस्लीला वाटलं, डाव पार फसला. खेळणारे मात्र पुन्हा खेळूया म्हणून मागे लागले! त्याच गटातल्या डेव्ह आर्नेसनने 'ब्लॅकमूर' रचलं. तिथे एका खेळाडूचं एकच पात्र, आणि ते डावागणिक शिकत, वाढत जाणारं. गॅरी गायगॅक्सकडे 'चेनमेल' या मध्ययुगीन लढायांच्या खेळाचे नियम होते. दोघांनी मिळून १९७४ साली 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' काढला. पहिल्या हजार प्रतींवर तोही युद्धखेळ म्हणूनच आला होता.

आज आपली मोठी मुलं वीस बाजूंचा फासा घेऊन हाच खेळ खेळतात. दार लोटलेलं, आतून कुणी चेटकीण बोलतेय, कुणी चोर. आपल्या पोटात गोळा येतो. दहावी तोंडावर आणि हे भलतंच काय? १९८० च्या दशकात अमेरिकेतले आईबापही याच खेळाला फार घाबरले होते, मुलं यातून वाईट मार्गाला लागतील म्हणून. आपली काळजी खोटी नाही. फक्त दाराबाहेरून ती फार वाढते.

मला यात सर्वात मोलाचं वाटतं ते वेगळंच. "मला भीती वाटते" हे जे मूल आपल्याला कधी सांगत नाही, तेच मूल "माझा शिपाई घाबरलाय, तो पुढे जाणार नाही" असं सहज बोलून जातं. दुसऱ्याचं नाव घेतलं की त्याला मोकळं होता येतं. अशा वेळी आपण "महाराजांच्या काळात असं नव्हतं हं" म्हणून इतिहास दुरुस्त करायला गेलो की ते गप्प होतं. दुरुस्ती दुसऱ्या दिवशीही करता येते.

"कोण जिंकलं?" हा प्रश्नही आपल्या ओठांवरच असतो. या खेळात बहुतेक वेळा कुणी जिंकत नाही, गोष्ट पुढे जाते. त्यापेक्षा "मग पुढे काय झालं?" असं विचारून बघा. पोळी गार होईल, पण मूल बोलत राहील.

महागडा सेट लगेच आणायला हवा असंही नाही. वही, पेन्सिल, सापशिडीतला फासा आणि निर्णय देणारं एक शहाणं पोर एवढ्यावर सुरुवात होते. अभ्यासाची धास्ती असेल तर डाव कधी थांबवायचा ते आधीच मिळून ठरवा. मध्येच दिवा बंद करण्यापेक्षा ते बरं. गोष्ट पुढच्या रविवारी तिथूनच उचलता येते.

आणि मुलांनी बोलावलं तर जाऊन बसा. सेनापती होऊ नका, ते काम आपण घरात रोज करतोच. एखादा पाणक्या मागून घ्या, आणि काय करायचं ते त्यांनाच विचारा.