कॉर्डलेस हॅमर ड्रिल: आधी भिंत ओळखा, मग पैसे मोजा

नव्या फ्लॅटचा ताबा मिळाला की पहिल्या महिन्यातच भिंतींना तीस-चाळीस भोकं पाडावी लागतात. पडद्यांचे रॉड, टीव्हीचा ब्रॅकेट, देव्हारा, बाथरूममधला आरसा, स्वयंपाकघरातल्या फळ्या, दारावरची पाटी. पुण्या-मुंबईकडे वायरमन एका भोकाचे साधारण ५० ते १०० रुपये घेतो. एकदोन भोकांसाठी बोलावलं तर नुसत्या येण्याचेच २०० ते ३०० रुपये होतात. म्हणजे पहिल्या फेरीतच १,५०० ते ४,००० रुपये जातात. मग साहजिकच वाटतं, एवढ्यात आपलंच मशीन आलं असतं की! हा हिशेब फसतो तो एकाच कारणाने: आपण मशीनची किंमत बघतो आणि भिंत कसली आहे ते बघतच नाही.

हॅमर ड्रिलच्या पोटात दातेरी कडा असलेल्या दोन चकत्या असतात. आपण मशीन भिंतीवर दाबलं की त्या एकमेकींवरून घसरत उड्या मारतात आणि बिट फिरता फिरता मिनिटाला वीस-पंचवीस हजार छोटे ठोके देतो. ठोक्यातला जोर अर्थातच आपल्या हाताच्या दाबातून येतो. रोटरी हॅमरचं काम वेगळं आहे. त्यात दट्ट्या हवा दाबून ठोका मारतो, म्हणून ठोके कमी पण घणाघाती, आणि हाताने फार रेटावं लागत नाही. त्याचे बिटही वेगळे, मागे खाचा असलेले ‘एसडीएस’. दुकानात दोन्ही मशीन शेजारीशेजारी ठेवलेली असतात आणि दोन्हींना ‘हॅमर’च म्हणतात. पण किमतीत आणि कामात त्यांच्यात मोठं अंतर आहे.

तुमची भिंत कुठली?

लाल विटांची, गिलावा केलेली भिंत ही कॉर्डलेस हॅमर ड्रिलची हक्काची जागा. ६ किंवा ८ मिलिमीटरचं भोक अर्ध्या मिनिटात पडतं. अलीकडच्या इमारतींत हलके राखाडी-पांढरे एएसी ब्लॉक असतात, ज्यांना सगळे सिपोरेक्सच म्हणतात. त्यात हॅमर बंदच ठेवायचा. ठोका दिला की आतला ब्लॉक भुगा होऊन भोक ऐसपैस होतं आणि स्क्रू धरणारी गिट्टी नुसती गोल फिरते. या भिंतीसाठी लांब, पंख असलेली वेगळी नायलॉनची गिट्टी मिळते, ती मागून घ्या. कोकणातल्या जांभ्याच्या घरातही आधी हॅमर न लावता सुरुवात करावी. चिरा वरून कठीण वाटला तरी आत मऊ आणि छिद्रांचा असतो. जुन्या वाड्यातला काळा दगड मात्र लहान कॉर्डलेसला दाद देत नाही. तिथे दगड सोडून चुन्याच्या सांध्यात हलकं काम भागतं का ते पाहावं, नाहीतर रोटरी हॅमर आणावा.

सगळ्यात जास्त फसगत होते ती मिवानच्या इमारतींत. ॲल्युमिनियमचे साचे लावून ओतलेल्या या घरात आतल्या बहुतेक भिंतीसुद्धा सलग सळईच्या काँक्रीटच्या असतात. हौसेने आणलेलं १२ व्होल्टचं ड्रिल तिथे एका भोकाला पाच मिनिटं घेतं, बिट निळा पडतो आणि बॅटरी कोमट होते. घर मिवानचं असेल तर कॉर्डलेस हॅमर ड्रिल घेऊच नका, असं माझं स्पष्ट मत आहे. दोन किलोचा वायरवाला रोटरी हॅमर साध्या ब्रँडचा ३,५०० ते ५,००० रुपयांत आणि नावाजलेल्या कंपनीचा साधारण ७,००० ते १०,००० रुपयांत येतो. हार्डवेअरवाल्याकडून दिवसाच्या भाड्यानेही तो बऱ्याच ठिकाणी मिळतो.

भिंत कसली आहे हे कळत नसेल तर कपाटामागे जाईल अशा जागी एक भोक पाडून धूळ बघा. आधी गिलाव्याची करडी, जाडसर धूळ येते. सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरनंतर रंग बदलतो. लाल आली तर वीट. पांढरट, पिठासारखी आणि भसाभस आली तर ब्लॉक. करडी, बारीक धूळ अगदी थोडी येऊन मशीनचा आवाज चढला तर काँक्रीट.

किंमत कशाची द्यायची

पुढचे आकडे साधारण बाजारभावाचे आहेत. शहर, ब्रँड आणि दसरा-दिवाळीच्या सवलतीप्रमाणे ते वरखाली होतात. १२ व्होल्टचं चांगल्या कंपनीचं हॅमर ड्रिल बॅटरी आणि चार्जरसह ५,००० ते ८,००० रुपयांना पडतं. १८ व्होल्टचं दोन बॅटऱ्यांसह ९,००० ते १५,०००, आणि ब्रशलेस मोटरचं त्याहून पुढे. ब्रशलेसमध्ये कार्बन ब्रश झिजण्याचा प्रश्न नसतो आणि एका चार्जमध्ये काम जास्त होतं, पण वर्षाला वीस भोकं पाडणाऱ्या घराला त्यासाठी तीन-चार हजार जास्त मोजण्याची गरज नाही. ५०० ते ६५० वॉटचं वायरवालं हॅमर ड्रिल मात्र २,५०० ते ४,५०० रुपयांत मिळतं आणि विटेच्या भिंतीत तेवढंच काम करतं. नुसत्या पैशाचा हिशेब केला तर घरासाठी वायरवालंच जिंकतं.

मग कॉर्डलेस कुणी घ्यावं? ज्यांना गच्चीवर, शेतावरच्या घरात, जिन्यात, जिथे प्लग नाही तिथे काम करायचं आहे त्यांनी. ज्यांना त्याच मशीनने फर्निचरचे स्क्रूही पिळायचे आहेत त्यांनी. आणि ज्यांना घराचा मेन स्विच बंद करून भोक पाडायचं आहे त्यांनी. हा शेवटचा फायदा मला सगळ्यात मोलाचा वाटतो. वायरवाल्या ड्रिलला वीज लागते, म्हणून भिंतीतल्या वायरी जिवंत ठेवून काम करण्याचा मोह होतो. कॉर्डलेसला ती सबब उरत नाही. मात्र घरात इन्व्हर्टर असेल तर मेन पाडूनही त्याच्या वायरींत वीज राहते. तोही बंद करा.

कॉर्डलेसमध्ये खरी किंमत बॅटरीची असते. १८ व्होल्टची २ अँपिअर-अवरची एक सुटी बॅटरी २,५०० ते ४,५०० रुपयांना मिळते. काही वर्षांनी ती बदलावी लागणार, हे धरूनच चाला. ऑनलाइन एखादं नामांकित ड्रिल निम्म्या किमतीत दिसलं तर वर्णनात ‘सोलो’ किंवा ‘बेअर’ शब्द शोधा. त्याचा अर्थ खोक्यात बॅटरी नाही आणि चार्जरही नाही.

याहून वाईट प्रकार म्हणजे ‘४८ व्हीएफ’, ‘८८ व्हीएफ’ असे आकडे छापलेली स्वस्त मशीन. आकडा व्होल्टचा वाटतो, पण तो व्होल्टचा नसतो. लिथियम-आयन सेल ३.६ व्होल्टचा असतो आणि पूर्ण भरल्यावर ४.२ पर्यंत जातो. पाच सेल जोडले की १८ व्होल्ट होतात, भरल्यावर २१. त्याच पाच सेलच्या बॅटरीला कुणी १८ म्हणतं, कुणी ‘२० मॅक्स’, कुणी २१. ही तिन्ही नावं एका मापाची आहेत. ४८ आणि ८८ हे नुसते स्टिकर. बॅटरीवर बारीक अक्षरांत वॉट-अवर दिलेले असतील तर तेच पाहा. १८ व्होल्ट आणि २ अँपिअर-अवर म्हणजे ३६ वॉट-अवर.

अमेरिकेतल्या नातेवाइकांकडून ड्रिल मागवण्याचा बेत असेल तर एक गोष्ट तपासा. बॅटरी चालेल, पण तिथला चार्जर बहुतेक वेळा फक्त १२० व्होल्टचा असतो. आपल्या २३० व्होल्टच्या प्लगला लावला की जळतो. इथला चार्जर वेगळा घ्यावा लागतो आणि तिथली वॉरंटी इथे सहसा चालत नाही. विमानात मशीन चेक-इन सामानात जातं, पण सुटी बॅटरी केबिन बॅगेतच ठेवावी लागते.

मशीनशिवाय आणखी हजार-दीड हजार बाजूला ठेवा. कार्बाइड टोकाचे भिंतीचे बिट ६, ८ आणि १० मिलिमीटरचे, प्रत्येकी साधारण ५० ते १५० रुपये. टाइलसाठी भाल्यासारख्या टोकाचा किंवा डायमंड बिट. गॉगल, एन-९५ मास्क, इअरप्लग. चार रुपये वाचवायला हलका बिट घेऊ नका. चांगलं मशीन वाईट बिटने नुसतं तापतं.

भोक कसं पाडायचं

जागेवर पेन्सिलने फुली मारा. बिटला टोकापासून हव्या त्या खोलीवर चिकटपट्टी गुंडाळा. ५० मिलिमीटरच्या गिट्टीला ६० मिलिमीटर खोली हवी, कारण तळाशी धूळ साठते. नुसत्या गिलाव्यात अडकलेली गिट्टी वजन पेलत नाही, ती विटेत बसायला हवी. ६ ची गिट्टी असेल तर बिटही ६ चाच. सुरुवात हॅमर न लावता, ट्रिगर हलका दाबून, अगदी हळू. टोक फुलीवर बसून छोटा खळगा झाला की मगच हॅमरचं चिन्ह लावा आणि वेग वाढवा. दोन्ही हात मशीनवर, कोपर शरीराजवळ, बिट भिंतीला काटकोनात. दर काही सेकंदांनी बिट फिरत असतानाच अर्धा बाहेर काढून धूळ झाडू द्या. भोक झाल्यावर तोंडाने फुंकू नका, छोट्या रबरी पंपाने धूळ काढा.

टाइलवर हॅमर मुळीच नाही. फुलीवर चिकटपट्टी लावा म्हणजे टोक घसरत नाही. हळू वेगाने, अधूनमधून पाणी शिंपडून टाइल पार करा. मागे वीट लागली की भिंतीचा बिट लावून पुढे जा.

मध्येच मशीन अडखळलं, आवाज खणखणीत झाला आणि धुळीत चकाकी दिसली, तर सळई लागली असं समजा. दाबून उपयोग नाही, बिटचं टोक उडतं. सळई तोडायचीही नाही. तीन-चार सेंटिमीटर सरकून नवं भोक घ्या. कॉलम-बीममध्ये मोठी भोकं पाडायची असतील तर सोसायटीच्या इंजिनियरला विचारल्याशिवाय हात लावू नका.

स्क्रू पिळताना हॅमर काढून स्क्रूच्या चिन्हावर या आणि क्लचची कडी लहान आकड्यावर ठेवा. नाहीतर मशीन स्क्रूची चीर खाऊन टाकतं.

जपायचं काय

स्विचबोर्डाच्या सरळ वर, सरळ खाली आणि आडव्या रेषेत भोक नको. वायरी बहुतेक त्याच वाटेने जातात. नळाच्या वरखालीही तसंच. छताला पंखा-झुंबराचा हूक लावायचा असेल तर जास्त सावध राहा. स्लॅबमध्ये वायरींचे पाइप सरळ न जाता जवळच्या वाटेने, तिरपे टाकलेले असतात. वायर-सळई शोधणारा डिटेक्टर १,५०० रुपयांच्या आसपास मिळतो. तो घ्या, पण त्याच्यावरच भिस्त ठेवू नका.

१८ व्होल्टच्या ड्रिलची पिळण्याची ताकद ४० ते ६० न्यूटन-मीटर असते. बिट अडकला तर बिट थांबतो आणि मशीन तुमच्या मनगटासकट फिरतं. म्हणून सोबत आलेला बाजूचा दांडा लावलाच पाहिजे. स्टुलावर उभं राहून डोक्यावर ड्रिल मारणं सगळ्यात धोक्याचं. त्यासाठी रुंद पायांची शिडी घ्या आणि खाली कुणाला तरी धरायला सांगा. ओढणी, पदर, लोंबतं मंगळसूत्र, सैल बाह्या, मोकळे केस फिरत्या चकपासून दूर ठेवा. सैल हातमोजेसुद्धा नकोत, ते चकमध्ये ओढले जातात. बिट बदलताना बॅटरी काढून ठेवा. काँक्रीटच्या धुळीत सिलिका असते आणि ती फुप्फुसात साठते, तेव्हा साध्या रुमालावर भागवू नका. लहान मुलं शेजारच्या खोलीत.

घेताना पुण्यातली बोहरी आळी असो की मुंबईतली नागदेवी स्ट्रीट, जीएसटीचं बिल मागा. मशीनवर १८ टक्के कर आहे आणि बिल नसेल तर वॉरंटीही नाही. खोक्यावर कमाल किंमत, आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता आणि कुठल्या देशात बनलं ते छापलेलं हवं. बॅटरीची वॉरंटी मशीनपेक्षा वेगळी आणि बऱ्याचदा कमी असते, ती लिहून घ्या. तुमच्या शहरात सर्व्हिस सेंटर आहे का ते घेण्याआधी फोन करून विचारा. ऑनलाइन विक्रेता खराब माल परत घेत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

बॅटरी पूर्ण रिकामी करून महिनोन् महिने ठेवू नका. अर्धी भरलेली, सावलीत ठेवा; एप्रिल-मेमध्ये गाडीच्या डिकीत तर अजिबात नको. फुगलेली किंवा पडून तडा गेलेली बॅटरी चार्जला लावू नका. ती कचऱ्याच्या डब्यातही टाकायची नाही. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या गोळा करून त्यांची विल्हेवाट लावण्याची जबाबदारी उत्पादकाची आहे. त्यामुळे नवी बॅटरी घ्यायला जाताना जुनी सोबत न्या. टोकांवर चिकटपट्टी लावून न्या, म्हणजे पिशवीतल्या किल्ल्या-नाण्यांनी ती शॉर्ट होणार नाही.