गर्भाशयमुखाचा कर्करोग : वयोमानानुसार प्रतिबंध

गर्भाशयाच्या खालच्या, योनिमार्गात उघडणाऱ्या अरुंद भागास गर्भाशयमुख म्हणतात. भारतीय स्त्रियांत स्तनाच्या कर्करोगाखालोखाल येथील कर्करोग आढळतो. मानवी पॅपिलोमा विषाणू हे त्याचे मूळ कारण होय. हा संबंध दाखवून देणारे जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सुर हाउझेन यांना २००८ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

हा संसर्ग लैंगिक संबंधातून होतो. परंतु तो इतका सर्वसामान्य आहे की, त्यावरून कोणाच्याही शीलाविषयी अनुमान काढणे अयोग्य ठरेल. बहुतेकींच्या शरीरातून तो दोनएक वर्षांत आपोआप नाहीसा होतो. काही थोड्या जणींत मात्र तो टिकून राहतो. पेशींतील विकृतीपासून कर्करोगापर्यंतच्या वाटचालीस सामान्यतः १५ ते २० वर्षे लागतात. हा दीर्घ अवधी हीच प्रतिबंधाची संधी होय.

बाल्यावस्था : ९ ते १४ वर्षे हे लसीकरणाचे सर्वांत योग्य वय. सुमारे ७० टक्के रुग्णांतील कर्करोगास या विषाणूचे १६ व १८ क्रमांकाचे प्रकार कारणीभूत असतात आणि लस त्यांना अटकाव करते. आधी जडलेला संसर्ग मात्र ती घालवू शकत नाही. म्हणून ती वेळीच टोचावी लागते.

तारुण्य : धूम्रपान टाळावे. निरोधच्या वापराने संसर्गाचा धोका कमी होतो, पूर्णपणे टळत नाही. एचआयव्हीबाधित स्त्रियांनी तपासणी लवकर सुरू करून ती अधिक वेळा करावी.

प्रौढावस्था : तिशीनंतर, लस घेतलेली असली तरीही, नियमित तपासणी आवश्यक असते. एका सोप्या पद्धतीत गर्भाशयमुखास सौम्य ॲसेटिक आम्ल लावतात. विकृत भाग मिनिटभरात पांढरा दिसू लागतो. विषाणूची प्रत्यक्ष चाचणी याहून अधिक खात्रीची. तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यातील ४९७ खेड्यांत सुमारे १,३१,००० स्त्रियांचा अभ्यास झाला. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांनुसार, ज्या गटास या विषाणूच्या चाचणीची केवळ एक संधी देण्यात आली, त्यात या रोगाने होणारे मृत्यू जवळजवळ निम्म्याने घटले.

उत्तरावस्था : पाळी थांबली म्हणजे धोका टळला, असे नाही. त्यानंतर झालेला रक्तस्राव, मग तो कितीही अल्प असो, डॉक्टरांना सांगितलाच पाहिजे. संकोचापोटी गमावलेले महिने पुढे फार महाग पडतात. कारण जी विकृती आरंभी किरकोळ उपचाराने दूर होते, तीच पुढे प्राणघातक ठरते.