नॉटपेड पत्र

पाकिटावर चिकटवलेले तिकीट म्हणजे टपालखात्याला आगाऊ दिलेला मोबदलाच होय. पत्र पेटीतून काढणे, गावानुसार निवडणे, दूरच्या ठिकाणी नेणे आणि अखेर घरोघर पोचविणे, या साऱ्या श्रमांचे मोल त्या इवल्याशा कागदात सामावलेले असते. परंतु पाठविणाऱ्याने तिकीट लावलेच नाही, किंवा पत्राच्या वजनाच्या मानाने कमी किमतीचे लावले, तर काय होते?

अशा पत्राला 'नॉटपेड' म्हणतात. ते फेकून दिले जात नाही. हशील किती उणे पडले हे टपालकचेरीत पाहतात आणि त्याच्या दुप्पट रक्कम पत्र घेणाराकडून वसूल करण्याचा प्रघात आहे. समजा, एखाद्या पत्राला १० रुपयांचे तिकीट हवे होते आणि पाठविणाऱ्याने ५ रुपयांचेच लावले. मग उणे पडले ५ रुपये. घेणाराला द्यावे लागतील १० रुपये! चूक एकाची, भुर्दंड दुसऱ्याला. परदेशी पत्रांवर अशा वेळी 'टी' अक्षराचा शिक्का मारीत. आकार किंवा कर या अर्थाच्या फ्रेंच शब्दाचे ते आद्याक्षर होय.

एके काळी घेणाराने पैसे देणे हीच सर्वसाधारण रीत होती. १८४० पूर्वी इंग्लंडमध्ये अंतर आणि कागदांची संख्या पाहून हशील ठरे व ते बहुधा पत्र घेणारा देई. गरिबांना तो खर्च झेपत नसे. कोलरिज या कवीने एक हकीकत सांगितली आहे. एका बाईला आलेले पत्र पैशांअभावी परत जाऊ लागले, म्हणून त्याने दयेने एक शिलिंग भरला. पत्र उघडून पाहावे, तो कागद कोरा! ठराविक काळाने आलेले कोरे पत्र म्हणजे 'सारे कुशल आहे', असा त्या बाईने आपल्या भावाशी संकेत ठरविला होता. पैसे न देता ती पत्र परत करी. परंतु भावाची खुशाली तिला कळून चुके.

रोलंड हिल यांनी १८३७ मध्ये या पद्धतीचे दोष दाखवून दिले. १८४० मध्ये इंग्लंडात अर्ध्या औंसापर्यंतच्या पत्राला, अंतर कितीही असो, एक पेनी हशील ठरले आणि तिकिटे निघाली. आगाऊ पैसे न भरल्यास मात्र दोन पेन्स पडत. भारतातही १८५४ मध्ये पाव तोळ्याच्या पत्राला देशभर अर्धा आणा असा एकच दर झाला. बिनतिकिटी पत्राला दुप्पट आकार पडे.

नॉटपेड पत्र घेण्याची सक्ती नसे. १८९८ च्या टपाल कायद्यानुसार ते न उघडता तत्काळ परत करता येई. मग हशिलाची जबाबदारी पाठविणाऱ्यावर येई. कोणी केवळ त्रास देण्याच्या दुष्ट हेतूने असे पत्र धाडल्याचे दिसून आले, तर आकार माफ करण्याची तरतूदही त्यात होती. २०२४ मध्ये या कायद्याची जागा नव्या कायद्याने घेतली.

तथापि पत्र परत करणे सोपे नसते. बंद पाकिटात आनंदाची वार्ता आहे की दुःखाची, हे बाहेरून कसे कळणार? शिवाय पाठविणाऱ्याचा पत्ता बाहेर नसेल, तर ते परत तरी कोठे जावे? अशी पत्रे एका खास कचेरीत जातात. तेथे नेमलेले कर्मचारीच ती उघडून आत पत्ता शोधतात. तोही न सापडल्यास पत्र कोणाचेच राहत नाही.

म्हणून जाड पत्र पेटीत टाकण्यापूर्वी त्याचे वजन करून घ्यावे, पुरेसे तिकीट लावावे आणि आपला पत्ता बाहेर लिहावा. आपल्या निष्काळजीपणाचा भार दुसऱ्याच्या दारात जाऊ नये, हा साधा सौजन्याचा नियम आहे.

स्वाध्याय
१. नॉटपेड पत्रावरील आकार कसा ठरवितात?
२. बाईने पत्र परत केले तरी तिला भावाची खुशाली कशी कळे?
३. एका पत्राला १५ रुपयांचे तिकीट हवे असता ५ रुपयांचेच लावले, तर घेणाराला किती रक्कम द्यावी लागेल?
४. 'चूक एकाची, भुर्दंड दुसऱ्याला' हे वाक्य पाठाच्या आधारे स्पष्ट करा.