हातमोजे नकोत, आधी स्टार्टर बदला : मिलिंग मशीनच्या सुरक्षेचा खर्च

चिकलठाणा एमआयडीसीतल्या मोठ्या कंपन्यांत मिलिंगचे काम आता बहुतेक सीएनसीच्या बंद दारांआड चालते. उघड्या, हाताने चालवायच्या मशीन उरल्या आहेत त्या या कंपन्यांचे जॉबवर्क करणाऱ्या लहान शेडमध्ये. अशा शेडमधले बरेच ऑपरेटर मुकुंदवाडीत राहतात आणि सायकलने कामावर येतात. आत साधारण एकच चित्र असते : एचएमटीची जुनी एफएन-टू किंवा सगळे जिला ‘एमवनटीआर’ म्हणतात ती टरेट मिलिंग, शेजारी लेथ, ड्रिल, वेल्डिंगचा सेट, आणि स्वतःच एका मशीनवर उभा असलेला मालक. सुरक्षेचा विषय निघाला की उत्तरे दोन. एक, ‘एवढा पैसा कुठून आणायचा?’ दुसरे, ‘गॉगल आणि हातमोजे आणलेत की!’

पहिल्या उत्तराचा हिशेब पुढे मांडला आहे. दुसरे उत्तर तर सरळ धोक्याचे आहे. खाली दिलेले आकडे एका मशीनचे आणि दोन माणसांचे अंदाज आहेत. ब्रँड, जीएसटी आणि घासाघीस यांप्रमाणे ते खालीवर होतील. तीन दुकानांत विचारूनच घ्या.

हातमोज्यांपासूनच सुरुवात करू, कारण तिथे पैसे वाचतात. फिरत्या कटरजवळ मोजा घातलेला हात नेऊ नये. उघड्या हाताला कटर लागला तर कापते, पण बहुतेक वेळा हात मागे घेता येतो. मोज्याचा एक धागा दातात अडकला तर कटर मोजा ओढतो आणि मोज्याबरोबर हातही ओढला जातो. धारदार कडांचे मटेरियल उचलताना, टेबलावर चढवताना मोजे जरूर घाला, पण स्पिंडल बंद असताना. मनगटावरचा गंडा, राखी, कडे, अंगठी, थंडीतला मफलर, सुटी बाही यांनाही हाच नियम. याचा खर्च शून्य. दारात एक खिळा ठोकून त्यावर हे सगळे टांगायची सवय लावली की झाले.

पहिला खरा पैसा विजेवर घाला. जुन्या मशीनवर कित्येकदा स्टार्टर नसतोच. साध्या रोटरी स्विचवर नाहीतर मेन स्विचवर मोटर चालू-बंद होते. काम चालू असताना वीज जाते, ऑपरेटर स्विच तसाच ठेवून चहाला जातो. परत येऊन तो व्हाइसमध्ये हात घालतो आणि नेमकी त्याच क्षणी वीज येते. स्विच चालूच असल्याने कटर फिरू लागतो. नो-व्होल्ट कॉइल असलेल्या डीओएल स्टार्टरमध्ये असे होत नाही. वीज गेली की तो सुटतो, आणि हिरवे बटण पुन्हा दाबल्याशिवाय मोटर सुरू होत नाही. तीन एचपीच्या मोटरसाठी ओव्हरलोड रिलेसह असा स्टार्टर दीड ते तीन हजारांत येतो. एवढी एकच गोष्ट करायची ऐपत असेल तर हीच करा.

त्यालाच जोडून लाल मशरूमसारखे इमर्जन्सी बटण घ्या, २०० ते ५०० रुपये. किमतीपेक्षा त्याची जागा महत्त्वाची. मी पाहिलेल्या बऱ्याच मशीनवर ते कॉलमच्या मागच्या बाजूला, पॅनेलवर असते. एक हात अडकलेला असताना दुसऱ्या हाताने किंवा कोपराने दाबता आले पाहिजे, म्हणजे टेबलाच्या पुढच्या कडेपाशी, ऑपरेटर उभा राहतो तिथे. वायर आणि इलेक्ट्रिशियनची मजुरी एक-दोन हजार. ३० मिलिअँपिअरचा चार पोलचा आरसीसीबी (करंट गळताच वीज तोडणारा स्विच) अडीच ते साडेचार हजार. कूलंट सांडलेल्या ओल्या फरशीवर उभ्या माणसासाठी तो चैनीची वस्तू नाही. अर्थिंग तपासून घ्या; नवा खड्डा करायचा झाला तर तीन ते सहा हजार. शेड भाड्याचे असेल तर हा खर्च जागामालकाशी आधी बोलून ठरवा, कारण खड्डा त्याच्याच जागेत राहणार आहे.

दिव्याकडेही बघा. एकाच फेजवरच्या जुन्या ट्यूबलाइटच्या उजेडात ठरावीक वेगाने फिरणारा कटर थांबल्यासारखा किंवा हळू फिरल्यासारखा दिसू शकतो. मशीनवर २४ व्होल्टचा एलईडी दिवा लावा, हजार ते दोन हजार रुपये. सगळी वीज धरून बेरीज ९,२०० ते १८,००० होते.

दुसरा पैसा जॉब पकडण्यावर. व्हाइसमधून उडालेला जॉब समोरच्या माणसावरच येतो, आणि गॉगल डोळा वाचवतो, बरगडी नाही. टी-स्लॉटमध्ये बसणारा ५८ नगांचा क्लॅम्पिंग सेट तीन ते सहा हजारांत मिळतो. तो घेतला की हाताला लागेल तो नट, सापडेल तो पट्टीचा तुकडा हा प्रकार बंद करता येतो. पट्टी लावताना बोल्ट जॉबच्या जवळ घ्या, मागच्या ठोकळ्याच्या जवळ नाही. आणि पट्टीची मागची बाजू किंचित उंच ठेवा. उलट लावली की सगळा जोर ठोकळ्यावर जातो आणि जॉब सैल राहतो. व्हाइस आवळून झाल्यावर तिचे हँडल काढून ठेवा. स्पिंडलच्या वर ड्रॉ-बारवर पाना विसरला आणि मशीन सुरू केली तर तो कुठे जाईल सांगता येत नाही. ड्रॉ-बारसाठी स्प्रिंग लावलेला पाना कोणत्याही फॅब्रिकेटरकडून शे-दोनशेत करून मिळतो. हात सोडला की तो आपोआप वर उचलला जातो.

वेगाचा तक्ता छापून भिंतीवर लावा, खर्च वीस-तीस रुपये. सूत्र सोपे आहे : कटिंग स्पीडला १००० ने गुणा आणि ३.१४ गुणिले कटरचा मिलिमीटरमधला व्यास या संख्येने भागा. माइल्ड स्टीलवर एचएसएस कटरला मिनिटाला २५ मीटर धरले तर २० मिलिमीटरच्या एंड मिलला सुमारे ४०० आरपीएम येतात, १०० मिलिमीटरच्या साइड-अँड-फेस कटरला फक्त ८०. मोठा कटर लावून पुली जुन्याच वेगावर ठेवली की दात उडतात. दुसरी गोष्ट दिशेची. जुन्या मशीनच्या टेबल-स्क्रूमध्ये ढिलाई आलेली असते. अशा मशीनवर क्लाइम्ब मिलिंग केले, म्हणजे कटर ज्या बाजूला खेचतो त्याच बाजूला जॉब सरकवला, तर टेबल एकदम पुढे ओढले जाते आणि कटर फुटतो. फिनिश थोडी खराब येईल, पण जॉब कटरच्या उलट्या दिशेनेच द्या.

गार्डसाठी आयते, इंटरलॉक स्विच असलेले कव्हर सहा ते पंधरा हजारांत येते. ते उघडले की स्पिंडल थांबते. परवडत असेल तर घ्या. लहान शेडला मी पॉलिकार्बोनेटची तीन-चार मिलिमीटर जाड पारदर्शक शीट, बिजागरी आणि मॅग्नेटिक बेस यांचे जुळवलेले गार्ड सुचवीन. दीड ते तीन हजारांत ते इथेच करून मिळते. अॅक्रिलिक स्वस्त पडते, पण ते तडकून तुकडे उडतात, घेऊ नका. आणि गार्ड असे करा की जॉब दिसेल. दिसला नाही तर पहिल्याच दिवशी गार्ड काढून कोपऱ्यात ठेवले जाईल.

गॉगल आणि बूट शेवटी येतात, कारण बाकी सगळे चुकल्यानंतर ते कामाला येतात. आयएस ५९८३ प्रमाणचिन्हाचा गॉगल १०० ते २५० रुपयांत, आयएस १५२९८ चे सेफ्टी शूज ६०० ते १,५०० रुपयांत. नुसता चष्मा पुरत नाही, बाजूने चिप येते. चिप्स हाताने नाही, ब्रशने किंवा आकड्याने, तेही स्पिंडल थांबवून काढा. एअर गनने उडवू नका, उडालेली चिप नेमकी डोळ्यात जाते. ब्रश, आकडा, पायाखाली लाकडी फळ्यांची जाळी आणि प्रथमोपचाराची पेटी मिळून बाराशे ते बावीसशे.

सगळी बेरीज सोळा ते तेहेतीस हजारांच्या आत येते. आता दुसऱ्या पारड्यात काय आहे ते पाहू.

लहान शेडच्या मालकाचा एक पक्का समज असतो की कारखाना कायदा आपल्याला लागू नाही. विजेवर चालणाऱ्या ठिकाणी वीस कामगारांची मर्यादा असल्याने तो समज बऱ्याच अंशी खराही आहे. ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) साधारणपणे दहा कामगारांपासून. पण अपघाताच्या भरपाईला कामगारांच्या संख्येची अशी अट नाही. १९२३ च्या भरपाई कायद्यातली ही जबाबदारी २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही कायम आहे. ईएसआय असलेल्या मोठ्या कंपनीत भरपाई ईएसआय महामंडळ देते; चार माणसांच्या शेडमध्ये ती मालकाच्या खिशातून जाते. म्हणजे ज्याला वाटते की कायदा आपल्यापर्यंत पोचत नाही, त्याच्याच अंगावर तो सगळ्यात जड पडतो.

कायद्याच्या तक्त्यात प्रत्येक बोटाची टक्केवारी आहे : तर्जनी पूर्ण गेली तर १४ टक्के, तिचे एक पेर गेले तर ९, अंगठा गेला तर ३०. ऑपरेटर ३० वर्षांचा आहे असे धरा. पगार १८,००० असला तरी हिशेबाला १५,००० च धरले जातात. त्याचे ६० टक्के म्हणजे ९,०००. तिसाव्या वर्षाचा गुणक २०७.९८. गुणाकार १८,७१,८२०. त्याचे १४ टक्के म्हणजे तर्जनीचे २,६२,०५५ रुपये. अंगठ्याचे ५,६१,५४६. उपचाराचा प्रत्यक्ष खर्च वेगळा, आणि महिन्याभरात रक्कम दिली नाही तर १२ टक्के व्याज, शिवाय दंडाची टांगती तलवार.

ऑपरेटरनेही एक कलम लक्षात ठेवावे. मालकाने गार्ड दिले होते आणि कामगाराने ते जाणूनबुजून काढले, त्यातून अपघात झाला, तर मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व सोडून बाकी दुखापतींची भरपाई नाकारता येते. मात्र गार्ड कधी दिलेच नसेल तर मालकाला हे म्हणता येणार नाही. म्हणून मालकांनी गार्डचे बिल जपून ठेवावे, आणि कामगारांनी गार्ड मागितल्याचा एखादा मोबाईलवरचा संदेश.

विम्याचा मार्ग आहेच. दहापेक्षा कमी माणसे असली तरी मालक आणि बहुसंख्य कामगार तयार असतील तर नव्या संहितेनुसार ईएसआयमध्ये स्वेच्छेने जाता येते. १५,००० पगारावर मालकाचे ३.२५ टक्के म्हणजे महिना ४८७ रुपये ५० पैसे, कामगाराचे ०.७५ टक्के म्हणजे ११२ रुपये ५० पैसे. कामावरच्या दुखापतीने घरी बसावे लागले तर पगाराच्या ९० टक्के रक्कम मिळते, आणि त्यासाठी आधी किती महिने वर्गणी भरली याची अट नाही. त्यात जायचे नसेल तर विमा कंपनीकडून कामगार भरपाईची पॉलिसी घ्या. बँकेतून वर्षाला २० रुपये कापणारी प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना सगळ्यांनी घ्यावी, पण तिच्यावर भिस्त ठेवू नका. तिथे एक हात, एक पाय किंवा एक डोळा गेला तर लाख रुपये; बोटाला काहीच नाही.

एक खर्च कोणत्याच बिलात दिसत नाही, तो वेळेचा. माप घ्यायला दर वेळी स्पिंडल थांबवावे तर ‘प्रॉडक्शन जाते’ अशी तक्रार येते. दिवसात वीस वेळा माप घेतले आणि दर वेळी अर्धे मिनिट गेले तर दहा मिनिटे होतात. मशीनचा तास २५० रुपयांचा धरला तर ४२ रुपये. फिरत्या कटरखाली व्हर्नियर घालून वाचवलेले हे ४२ रुपये आहेत.

शिकलेला माणूस हवा असेल तर आयटीआयचा मशिनिस्ट हा दोन वर्षांचा ट्रेड आहे आणि त्यात मिलिंग येते. चिकलठाण्यातच इंडो-जर्मन टूल रूम आहे. तिथल्या अल्पमुदतीच्या अभ्यासक्रमांची फी आणि तारखा तिथेच जाऊन विचारा. हेल्परला ‘बघून बघून शिकेल’ म्हणून थेट मशीनवर उभे करणे सगळ्यात महाग पडते.

तरीही बोट तुटलेच तर : जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून हात उंच धरा. तुटलेला भाग स्वच्छ ओल्या कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत बंद करा आणि ती पिशवी बर्फावर ठेवा. भाग थेट बर्फात टाकला तर तो खराब होतो. १०८ ला फोन करा, आणि बोट जोडणारे सर्जन कुठल्या रुग्णालयात आहेत हे आजच विचारून नंबर भिंतीवर लावा.

जुनी मशीन विकत घेत असाल तर पैसे मोजण्यापूर्वी तीन-चार गोष्टी समोर करून बघा. चालू मशीनची वीज मेनवरून बंद करून पुन्हा द्या. मोटर आपोआप सुरू झाली तर नो-व्होल्ट नाही. टेबलाचे हँडल उलटसुलट फिरवा. टेबल न हलता ते पाव फेरा मोकळे फिरत असेल तर स्क्रूचा नट झिजला आहे. टी-स्लॉटच्या कडा तुटलेल्या आहेत का, मशीनच्या बॉडीला अर्थची वायर आहे का, तेही पाहा. विकणारा ‘एवढे तर तुम्ही करून घ्याल’ म्हणेल. करून घ्या, पण स्टार्टर, बटण, अर्थिंग आणि गार्ड यांचे पैसे सौद्यातून आधी वजा करा.