व्हील स्पेसर : पंधरा मिलिमीटरचं गणित

आपल्या हॉस्टेलमध्ये भिंतीवर एकही गाडी चिकटवलेली नाही अशी रूम सापडणं कठीण. त्या पोस्टरमधली स्पोर्ट्स कार नीट मागून बघा. चाकं मडगार्डच्या अगदी कडेला आलेली असतात आणि गाडी रस्त्यावर पाय रोवून बसल्यासारखी वाटते. यालाच 'स्टान्स' म्हणतात. आणि आपल्या साध्या गाडीची चाकं मात्र मडगार्डच्या आत दडलेली! मग कोणीतरी सांगतं, "अरे, स्पेसर टाक. चाकं बाहेर येतात, गाडी रुंद दिसते आणि वळणावर चिकटून जाते."

यातलं खरं किती आणि ऐकीव किती? मित्रांनो, सेकंड इयरचं स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स आणि मशीन डिझाइन एवढंच हाताशी घेतलं तरी याचं उत्तर काढता येतं. चला, काढूया.

स्पेसर म्हणजे काय?

स्पेसर म्हणजे हब आणि रिम यांच्या मध्ये बसणारी धातूची जाड चकती. ती घातली की चाक तिच्या जाडीएवढं बाहेर सरकतं. एका ॲक्सलवर दोन चाकं, म्हणून ट्रॅक (डाव्या-उजव्या टायरच्या मध्यांमधलं अंतर) जाडीच्या दुप्पट वाढतो. १५ मिमीच्या दोन चकत्या म्हणजे ट्रॅकमध्ये ३० मिमी वाढ.

साधारण तीन प्रकार दिसतात. पहिला, ३ ते ५ मिमीची पातळ चकती. दुसरा, त्याहून जाड चकती, जिच्यासोबत मूळ बोल्टपेक्षा लांब बोल्ट लागतात. तिसरा, साधारण २० मिमीच्या पुढचा. हा स्वतः हबवर बोल्टने घट्ट बसतो आणि चाक त्याच्या स्वतःच्या स्टडवर किंवा आट्यांवर बसतं.

ही फक्त टपरीवरची करामत आहे असं समजू नका. पोर्शे कंपनीने स्वतः काही ९११ मॉडेल्सवर ५ मिमीचे स्पेसर ऑप्शन म्हणून दिले आहेत. म्हणजे कल्पना वाईट नाही. प्रश्न येतो तो ती कशी वापरली याचा.

ऑफसेट समजून घ्या

रिमची मधली रेषा आणि रिम हबला टेकते ती बाजू, यांतलं अंतर म्हणजे ऑफसेट. रिमवर ते 'ईटी' या अक्षरांनी लिहिलेलं असतं. हे आइनप्रेसटीफे या जर्मन शब्दाचं लघुरूप आहे. ऑफसेट जास्त असेल तर चाक आत जातं, कमी असेल तर बाहेर येतं. स्पेसर घातला की त्याची जाडी ऑफसेटमधून वजा करायची.

खरं उदाहरण घेऊ. २००४ साली आलेल्या पोर्शे ९११ कॅरेरा एस (९९७ मालिका) या गाडीचं मागचं रिम ११ इंच रुंद, १९ इंच व्यासाचं आणि ईटी ६७ चं होतं. ११ इंच म्हणजे २७९.४ मिमी, त्याचे निम्मे १३९.७. म्हणजे हबच्या टेकण्याच्या बाजूपासून रिमची बाहेरची कड १३९.७ − ६७ = ७२.७ मिमी बाहेर. १५ मिमीचा स्पेसर घातला तर ईटी ५२ होतो आणि कड ८७.७ मिमीवर येते. आता मडगार्डच्या आतल्या कडेपर्यंत जागा किती आहे, हे गाडी उभी असताना नाही तर सस्पेन्शन पूर्ण दाबलेलं असताना मोजायला हवं. उभ्या गाडीत मोकळं वाटणारं टायर खड्ड्यात मडगार्डला घासतं आणि साइडवॉल कापली जाते.

"गाडी चिकटून जाते" हे कितपत खरं?

वळणावर आतल्या चाकांचा भार बाहेरच्या चाकांवर जातो. हा भार-बदल किती, त्याचं सूत्र सोपं आहे : वस्तुमान × आडवा त्वरण × गुरुत्वमध्याची उंची, भागिले ट्रॅक.

समजा गाडी १४०० किलोची, गुरुत्वमध्य ०.५ मीटर उंचीवर, ट्रॅक १.५ मीटर आणि वळणावरचा त्वरण ०.८ जी. उत्तर येतं साधारण ३६६० न्यूटन. आता चारही चाकांना १५ मिमी स्पेसर लावले, ट्रॅक १.५३ मीटर झाला. नवीन उत्तर ३५९० न्यूटन. फरक ७० न्यूटनचा, म्हणजे जेमतेम ७ किलोभार. टक्केवारीत २ टक्के. आहे, पण एवढाच.

आता दुसरी बाजू, जी सहसा कोणी सांगत नाही. चाक बाहेर गेलं, पण सस्पेन्शनच्या आर्मचे पिव्हट आणि स्प्रिंग जागच्या जागीच आहेत. म्हणजे चाकाला स्प्रिंगच्या विरुद्ध जास्त लांब तरफ मिळाली. समजा पिव्हटपासून चाकापर्यंतचं अंतर ४०० मिमी होतं, ते ४१५ झालं. चाकाला जाणवणारी स्प्रिंगची ताकद या गुणोत्तराच्या वर्गाने बदलते. ४०० भागिले ४१५, त्याचा वर्ग ०.९३. म्हणजे स्प्रिंग न बदलताच ती ७ टक्के मऊ झाली!

रोल स्टिफनेस म्हणजे बॉडीच्या झुकण्याला होणारा विरोध. तो या ताकदीच्या आणि ट्रॅकच्या वर्गाच्या गुणाकारावर ठरतो. ट्रॅकचा वर्ग ४ टक्क्यांनी वाढला, ताकद ७ टक्क्यांनी घटली, म्हणजे एकूण सुमारे ३ टक्के तोटाच. बाहेरून रुंद दिसणारी गाडी वळणावर आधीपेक्षा किंचित जास्त झुकणार. नुसत्या स्पेसरने हँडलिंग बदलून जातं हा समज त्यामुळे आकडेमोडीत टिकत नाही.

स्टिअरिंग आणि बेअरिंग

पुढचं चाक ज्या तिरक्या अक्षाभोवती वळतं तो अक्ष खाली वाढवला की जमिनीला एका बिंदूत भेटतो. तो बिंदू आणि टायरच्या टेकण्याचा मध्य यांतलं आडवं अंतर म्हणजे स्क्रब रेडियस. १९७२ साली आलेल्या ऑडी ८० मध्ये ते मुद्दाम ऋण ठेवलं होतं. त्यामुळे एका बाजूचा ब्रेक कमी लागला तरी चाकं आपोआप उलट्या दिशेला किंचित वळतात आणि गाडी सरळ राहते. आता स्क्रब रेडियस −१० मिमी असलेल्या गाडीला १५ मिमीचा स्पेसर लावला तर तो +५ होतो. डिझायनरने केलेली सोय तुम्ही एका चकतीने पुसून टाकली. खड्डा लागला की स्टिअरिंगला झटका बसणं आणि गाडी रस्त्याच्या चाकोरीमागे ओढली जाणं, हे याचेच परिणाम.

बेअरिंगचंही तसंच. चाकावर ४००० न्यूटन भार असेल आणि तो १५ मिमी बाहेर सरकला तर ६० न्यूटन-मीटरचा जादा मोमेंट हबवर येतो. बॉल बेअरिंगचं आयुष्य भाराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात असतं. बेअरिंगवरचा परिणामी भार १० टक्क्यांनी जरी वाढला तरी आयुष्य पाव भागाने कमी होतं.

सगळ्यात महत्त्वाचं : बोल्ट

खूप जणांना वाटतं की गाडीचं वजन चाकाच्या बोल्टवर लटकलेलं असतं. तसं नाही. बोल्ट चाकाला हबवर आवळून धरतात आणि वजन पेलतं ते त्या दोन पृष्ठभागांमधलं घर्षण.

९९७ च्या चाकाला पाच बोल्ट, माप एम १४ × १.५ आणि कंपनीने दिलेला टॉर्क १३० न्यूटन-मीटर. टॉर्क = ०.२ × ताण × व्यास या सूत्राने एका बोल्टमधला ताण येतो सुमारे ४६,००० न्यूटन, पाचांचा मिळून २ लाख ३० हजार. घर्षणांक ०.१५ धरला तरी ३४ हजार न्यूटनपेक्षा जास्त पकड मिळते. मागच्या एका चाकावर उभ्या गाडीचा भार साधारण साडेचार हजार न्यूटन. म्हणजे सातपट पकड. म्हणूनच चाक जागचं हलत नाही.

पण स्पेसर आला की एकाच्या ऐवजी दोन जोड तयार होतात. मध्ये गंज, रंग किंवा माती राहिली तर ती चालताना दबते आणि बोल्टचा ताण उतरतो. ताण उतरला की घर्षण गेलं, आणि मग बोल्ट खरोखरच वाकू लागतात, चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला एकदा. टायरचा परीघ २ मीटर धरला तर ताशी १०० किमी वेगाने तासाभरात पन्नास हजार फेरे होतात. फटीग म्हणजे काय ते इथे लॅबशिवाय समजतं!

दुसरा मुद्दा आट्यांचा. नियम असा की बोल्टच्या व्यासाएवढी लांबी तरी आत गेली पाहिजे. १४ मिमी म्हणजे १.५ मिमी पिचच्या नऊ आट्यांहून थोडं जास्त. मूळ बोल्ट ठेवून १५ मिमीचा स्पेसर लावला तर दहा आटे कमी होतात. मग धरायला उरतंच काय? म्हणून स्पेसर जितका जाड, तितकाच बोल्ट जास्त लांब हवा.

लावायचेच असतील तर

१. हबची गोल कड स्पेसरच्या भोकात नेमकी बसली पाहिजे. ९११ साठी हे माप ७१.६ मिमी आणि बोल्टचं वर्तुळ १३० मिमी. मध्यम जाडीच्या चकतीत हबची मूळ कड बुडून जाते, त्यामुळे स्पेसरला बाहेरच्या बाजूने स्वतःची कड हवी. नाहीतर चाक मध्यावर बसत नाही आणि स्टिअरिंग थरथरतं.

२. बोल्टच्या डोक्याखालचा आकार रिमशी जुळला पाहिजे. पोर्शेचे बोल्ट गोलाकार बैठकीचे, इतर अनेक गाड्यांचे शंकूच्या आकाराचे. चुकीची जोडी फक्त एका रेषेवर टेकते.

३. वॉशर रचून किंवा दोन चकत्या एकावर एक ठेवून जाडी वाढवू नका. ओतीव, बिननावाचा तुकडा तर हातातही घेऊ नका. ६०६१-टी६ सारख्या मिश्रधातूचा, मशीन केलेला स्पेसर घ्या.

४. पृष्ठभाग वायर ब्रशने साफ करा, बोल्ट एकाआड एक टॉर्क रेंचनेच आवळा आणि ५० ते १०० किमीनंतर पुन्हा तपासा. पान्यावर उभं राहून आवळणं म्हणजे टॉर्क नव्हे.

५. मूळ बोल्ट गाडीतच ठेवा. पंक्चर झाल्यावर स्पेसर काढून स्टेपनी लावली आणि लांब बोल्टच वापरले, तर ते हबच्या मागे जाऊन हँडब्रेकच्या भागांना अडकू शकतात.

कायद्याचंही बघायला हवं. जर्मनीत असे स्पेसर प्रमाणपत्रासह विकले जातात आणि अनेकदा तपासणी संस्थेकडून गाडी पास करून घ्यावी लागते. आपल्याकडे मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे निर्मात्याने दिलेल्या तपशिलांत हवा तसा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच ठामपणे सांगितलं. तेव्हा रस्त्यावरच्या गाडीला हात लावण्याआधी आरटीओ आणि विमा कंपनी, दोघांनाही विचारा.

आपल्या कॉलेजच्या टीमसाठी मात्र हा उत्तम अभ्यास आहे. फॉर्म्युला स्टुडंट प्रकारच्या स्पर्धांत लहान ट्रॅक मोठ्या ट्रॅकच्या ७५ टक्क्यांपेक्षा कमी चालत नाही. पुढचा-मागचा ट्रॅक किती ठेवायचा हा निर्णय पहिल्या ड्रॉइंगवरच घ्या, आर्मची लांबी, स्प्रिंग आणि ऑफसेट एकत्र धरून. तिथे ३० मिमी ट्रॅक वाढवायला एक रेघ हलवावी लागते. गाडी तयार झाल्यावर तेच काम चकतीने केलं, तर वरचं सगळं गणित पुन्हा मांडावं लागतं.

आणि गाडी नुसती रुंद दिसायला हवी असेल, तर योग्य ऑफसेटचं रिम शोधा. त्यात जोड एकच राहतो, बोल्ट मूळचे राहतात. स्क्रब रेडियसचा प्रश्न तेवढा सुटत नाही, तो कागदावर सोडवूनच टायरवाल्याकडे जा.