बांधावरचा पळस : पान गळाले तरी कामाचा



पौष-माघात बांधावरचा पळस पाने टाकून उघडा पडतो. झाड वाळले असे समजून त्यावर कुऱ्हाड चालवली जाते. वास्तविक याच तीन-चार महिन्यांत पळस शेताच्या आणि शिवारातील पाखरांच्या सर्वांत जास्त उपयोगी पडतो.

पानगळ कशासाठी?
पानांतून पाण्याचे बाष्पीभवन होते. जमिनीतील ओल कमी होऊ लागली की पळस पाने गाळून हा खर्च थांबवतो. त्याचे सोटमूळ खोल जाते. त्यामुळे हलकी मुरमाड, भारी काळी व काही प्रमाणात चोपण जमिनीतही तो तग धरतो. झाड जिवंत आहे का हे पाहण्यासाठी फांदीची साल नखाने खरवडावी. आत हिरवी व ओलसर असल्यास झाड जिवंत समजावे.

हरभऱ्याचा राखणदार
डिसेंबर ते फेब्रुवारी हा हरभऱ्यावरील घाटेअळीचा काळ. कोतवाल, साळुंकी हे पक्षी अळ्या व किडे टिपतात. कोतवालाला टेहळणीसाठी उंच, मोकळी फांदी लागते आणि निष्पर्ण पळसावर ती आयती मिळते. मात्र बांधावरच्या झाडाचा फायदा कडेच्या पट्ट्यालाच होतो. शेताच्या मध्यभागी इंग्रजी टी आकाराचे पक्षीथांबे उभारावेतच.

फुलोरा व पाखरे
फेब्रुवारी-मार्चमध्ये पानांआधी केशरी फुले येतात. इतर बरीच झाडे तेव्हा ओकीबोकी असतात. फुलाच्या तळाशी मकरंद असतो. तो पिण्यासाठी जांभळा शिंजीर, बुलबुल, साळुंक्या, पोपट येतात. खारी व मधमाश्याही येतात. शिंजीर चोच घालतो तेव्हा परागकण त्याच्या अंगाला लागतात व दुसऱ्या झाडावर पोचतात. परपरागीकरणाने शेंगा चांगल्या धरतात.

भोरडीला पळसमैना असेही म्हणतात. मध्य आशियाकडून येणारा हा पाहुणा ज्वारीची कणसे खातो हे खरे, पण नाकतोडे व अळ्याही फस्त करतो. परतीच्या प्रवासाआधी तो पळसाच्या मकरंदावर ताव मारतो.

इतर उपयोग
पानांच्या पत्रावळी व द्रोण होतात. फुलांपासून रंग, मुळ्यांच्या सालीपासून दोर व खोडापासून लाल डिंक मिळतो. लाखेच्या रंगिणी जातीच्या किड्याचे हे प्रमुख यजमान झाड आहे. गोंदिया, गडचिरोली भागात पळसावर लाख घेतली जाते.

लागवड
१) मे-जूनमध्ये पक्व शेंगा गोळा कराव्यात. शेंगेच्या टोकाला एकच चपटे बी असते. बी त्याच हंगामात वापरावे, साठवल्यास उगवण घटते.
२) सोटमूळ दुखावल्यास रोप दगावते, म्हणून पहिल्या चांगल्या पावसानंतर बी जागेवरच लावावे. एका ठिकाणी २ ते ३ बिया २ ते ३ सें.मी. खोल टोकाव्यात व नंतर एकच जोमदार रोप ठेवावे.
३) बांधावर दोन झाडांत ५ ते ६ मीटर अंतर ठेवावे.

हे लक्षात ठेवा
● फुलोरा संपेपर्यंत फांद्या तोडू नयेत. लाखेसाठी छाटणी करावयाची असल्यास काही झाडे न छाटता राखावीत.
● बांध पेटवू नये. मोठे झाड मुळांवरून पुन्हा फुटते, लहान रोपे मात्र जळून जातात.
● मुळांपासून आलेल्या फुटव्यांपैकी एक सरळ फुटवा राखावा, बाकीचे काढावेत. नवीन झाड लावण्यापेक्षा हे सोपे पडते.

पळसाची वाढ सावकाश होते. सरपणासाठी एका दिवसात तोडलेले झाड पुन्हा उभे राहायला अनेक वर्षे लागतात. तेव्हा या हंगामात उघडा पळस दिसला, तर कुऱ्हाड उचलण्यापूर्वी साल खरवडून पाहावी.