काळ्या पडलेल्या केळ्यांचा केक

[केक म्हटले की बेकरीतील काचेचे कपाट डोळ्यांसमोर येते. परंतु साधे पातेले, पिकून काळी पडलेली केळी आणि मूठभर शेंगदाणे यांच्यापासून घरीही उत्तम केक होतो. तो कसा करावा आणि तो तसा का होतो, हे या पाठात सांगितले आहे.]

बाजारातून डझनभर केळी आणली की पहिल्या दिवशी सहा-सात सहज संपतात. उरलेली टोपलीत पडून राहतात. दोन दिवसांनी सालीवर तपकिरी ठिपके येतात. चौथ्या दिवशी साल जवळजवळ काळी होते. रमजानमध्ये इफ्तारसाठी फळे जास्त आणली जातात, तेव्हा तर हे हमखास घडते. मग घरात कोणीतरी म्हणते, "आता ही कोण खाणार?" आणि ती केळी शेळीपुढे जातात. आपल्या धाराशिव, म्हणजे पूर्वीच्या उस्मानाबाद जिल्ह्याची उस्मानाबादी शेळी साऱ्या देशात प्रसिद्ध आहे. तिची चंगळ होते हे खरे. पण पैसे मात्र आपले गेलेले असतात.

केक करणाऱ्याला नेमकी हीच केळी हवी असतात. का बरे? कच्च्या, हिरव्या केळ्याच्या गरात सुमारे पाचवा हिस्सा पिष्ट असते. पिष्टाला गोडी नसते. फळ पिकू लागले की ते इथिलीन नावाचा वायू बाहेर टाकते. या वायूमुळे पिकण्याचा वेग वाढतो आणि पिष्टाची साखर होत जाते. पूर्ण पिकलेल्या केळ्यात पिष्ट जेमतेम एक-दोन टक्के उरते. एक पिकलेले केळे कच्च्या केळ्यांबरोबर पिशवीत बांधून ठेवा. तीही लवकर पिकतील. वायूचे काम तुम्हाला घरीच दिसेल.

तेव्हा काळी साल म्हणजे नासलेले फळ नव्हे. साल सोलून पाहा. गर मऊ, पिवळसर आणि सुवासिक असेल तर तो चालेल. आंबूस वास येत असेल किंवा बुरशी दिसत असेल, तर ते केळे शेळीलाही देऊ नका.

येथे भाषेची एक गंमत पाहा. मराठीत एका फळाला 'केळे' म्हणतात, अनेक फळांना 'केळी' म्हणतात आणि झाडाला 'केळ' म्हणतात. केळे नपुंसकलिंगी, केळ स्त्रीलिंगी. उर्दूत फळ आणि झाड दोन्ही 'केला'च. महाराष्ट्रात केळी म्हटली की जळगावचे नाव निघते. मराठवाड्यात नांदेड जिल्ह्यातील अर्धापूरचे.

आता शेंगदाण्याकडे वळू. हल्ली दुकानात 'पीनट बटर' नावाची बाटली मिळते. बटर म्हणजे लोणी. पण या बाटलीत दुधाचा अंशही नसतो. भाजलेले शेंगदाणे इतके बारीक वाटतात की त्यांचे लोण्यासारखे मऊ वाटण होते. कॅनडातील मार्सेलस एडसन यांनी १८८४ मध्ये अशा वाटणाचे पेटंट घेतले. पुढे १८९५ मध्ये अमेरिकेतील डॉ. जॉन हार्वे केलॉग यांनीही त्यासाठी अर्ज केला. बाटलीची किंमत पाहून मात्र आपण ती परत ठेवतो. ठेवू द्या! हे लोणी घरी करता येते. किंबहुना त्याची बहीण आपल्या घरात आधीपासूनच आहे.

ती म्हणजे शेंगदाण्याची चटणी. सोलापूरकडे आणि आपल्याकडेही ही चटणी उखळात कुटतात. भाजलेले दाणे, लसूण, तिखट आणि मीठ घालून कुटत राहिले की हळूहळू दाण्यांना तेल सुटते आणि चटणी ओलसर, चकचकीत होते. असे का होते? शेंगदाण्यात जवळजवळ निम्मे तेल असते. ते दाण्याच्या सूक्ष्म पेशींत कोंडलेले असते. कुटल्याने पेशी फुटतात आणि तेल बाहेर येते. लोण्याचे रहस्यही एवढेच आहे. शंभर ग्रॅम दाणे मंद आचेवर खरपूस भाजा. निवल्यावर साले काढा आणि मिक्सरमध्ये थांबून थांबून फिरवा. आधी कूट होते. आपल्याकडे बहुतेक जण येथेच थांबतात. तुम्ही पुढे चला. कूट भांड्याच्या कडेला चिकटू लागेल, मग त्याचा गोळा होईल आणि शेवटी गोळा सैल होऊन ओघळू लागेल. झाले लोणी! पाणी मात्र घालू नका; पाण्याने ते घट्ट होते आणि लवकर खराब होते.

एका गोष्टीत काटकसर करू नये. कुबट वासाचे, काळपट किंवा बुरशी आलेले दाणे निवडून फेकून द्यावेत. अशा बुरशीमुळे दाण्यात अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार होते. ते यकृताला घातक असते आणि भाजल्याने पूर्णपणे नष्ट होत नाही. पावसात भिजलेल्या किंवा ओलसर जागी साठवलेल्या शेंगांत हा धोका अधिक असतो.

शेंगदाणा आपल्याला अगदी घरचा वाटतो. पण तो मूळचा दक्षिण अमेरिकेतला. आपल्या जिल्ह्यात तेरणा नदीच्या काठी तेर हे गाव आहे. प्राचीन काळी त्याला तगर म्हणत. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी तगरचे कापड गाड्यांतून भडोच बंदराकडे जात असे आणि तेथून समुद्रापार निघे. एका ग्रीक व्यापाऱ्याच्या प्रवासग्रंथात तसा उल्लेख आहे. रोमशी असलेल्या या संबंधाच्या खुणा तेरच्या संग्रहालयात आजही पाहायला मिळतात. तगरचे व्यापारी इतके हुशार. पण शेंगदाण्याची चटणी त्यांनी कधी चाखली नसेल. तोवर शेंगदाणा आणि मिरची, दोन्ही समुद्रापलीकडेच होते! युरोपीय जहाजे अमेरिकेला जाऊ लागल्यानंतरच ही पिके इकडे आली.

चॉकलेटही तिकडचेच. ते कोको नावाच्या झाडाच्या बियांपासून करतात. मेक्सिकोचे जुने रहिवासी या बिया वाटून कडू पेय करून पीत असत. आज जगातील निम्म्याहून अधिक कोको आयव्हरी कोस्ट आणि घाना या आफ्रिकेतील दोन देशांत पिकतो. तेथील मळ्यांत तुमच्या वयाची कितीतरी मुलेही राबतात. २०२४ मध्ये तिकडचे पीक बुडाले आणि जगभर कोकोचे भाव भडकले. कोकोतील चरबी सुमारे चौतीस अंशांवर वितळते. आपले शरीर सदतीस अंशांचे. म्हणूनच चॉकलेट जिभेवर ठेवताच विरघळते, आणि म्हणूनच मे महिन्यात आपल्याकडच्या दुकानात ते कागदातच मऊ पडते. महाग चॉकलेट नको असेल तर दोन मोठे चमचे कोको पावडर घ्या.

आता कामाला लागू. मोठ्या माणसाला जवळ घ्या आणि मगच शेगडी पेटवा.

तीन मोठी केळी काट्याने किंवा हाताने चांगली कुस्करा. त्यांत ऐंशी ग्रॅम पिठीसाखर, चार मोठे चमचे तेल, चार मोठे चमचे आंबट दही आणि चार मोठे चमचे शेंगदाण्याचे लोणी घालून एकजीव करा. दुसऱ्या भांड्यात दोनशे ग्रॅम मैदा, एक सपाट छोटा चमचा खायचा सोडा आणि चिमूटभर मीठ एकत्र चाळून घ्या. कोको पावडर घेतली असेल तर तीही यातच चाळा. निम्मा मैदा आणि निम्मी कणीक घेतली तरी चालते; केक थोडा भरड होतो, पण मला तोच अधिक आवडतो. डब्याला आतून तेलाचा हात लावून ठेवा. आच आधीच तयार असू द्या. हे सारे झाल्यावरच कोरडे मिश्रण ओल्यात मिसळा. फार घट्ट वाटले तर दोन-तीन चमचे दूध घाला. शेवटी पन्नास ग्रॅम चॉकलेटचे बारीक तुकडे टाका.

एवढी घाई कशासाठी? सोडा दह्याच्या आंबटपणाला भेटला की कार्बन डायऑक्साइड वायू तयार होऊ लागतो. त्याचे बुडबुडेच केकला फुगवतात. मिश्रण कालवून तुम्ही गप्पा मारत बसलात तर बुडबुडे निघून जातात आणि केकची वीट होते. नानच्या पिठात खमीर घालून तासन्‌तास थांबतो, तसे येथे थांबायचे नाही. दुसरे असे की, मिश्रण फार घोटू नका. रोटीची कणीक आपण मळमळून लवचीक करतो, कारण मळल्याने गव्हाच्या पिठात चिवट जाळे तयार होते. रोटीला ते हवे असते. केकला नको असते. पीठ दिसेनासे झाले की हात थांबवा.

ओव्हन नसला तरी अडत नाही. जाड बुडाचे जुने पातेले घ्या. त्यात बोटभर जाडीचा मिठाचा थर पसरा, वर लोखंडी कडे ठेवा आणि झाकण लावून दहा मिनिटे तापवा. मग मिश्रणाचा डबा कड्यावर ठेवून झाकण घट्ट बसवा. डबा निम्म्याहून थोडाच जास्त भरलेला असावा. पातेल्यात पाणी घालायचे नाही. आपल्याला केक उकडायचा नाही, भाजायचा आहे. आच मंद ठेवा. पहिली अर्धा तास झाकण उघडू नका, नाहीतर गार हवेने केक मध्येच बसतो. पाऊण तासानंतर मधोमध सुरी खुपसून पाहा. ती कोरडी निघाली तर केक झाला. ओले पीठ चिकटले तर आणखी दहा मिनिटे. कुकर वापरायचा असेल तर शिट्टी आणि झाकणातील रबर आधी काढून ठेवलेच पाहिजे.

गावात बेकरी असेल तर आणखी सोपा मार्ग आहे. ईदच्या किंवा दिवाळीच्या आधी लोक मैदा, तूप, साखर घेऊन बेकरीत जातात आणि नानखटाई भाजून आणतात. आपला पत्रा ओळखू यावा म्हणून मुले तेथेच ठाण मांडून बसतात. बेकरीवाला फक्त भाजणावळ घेतो. त्याच्या भट्टीत केकचा डबाही राहतो, विचारून पाहा. अम्मीचे 'कोण जाईल इतक्या लांब' हे ऐकून मात्र आधीच मिश्रण कालवून निघू नका. ओले आणि कोरडे वेगवेगळ्या डब्यांत न्या आणि भट्टीसमोर मिसळा.

भट्टीतला केक वरूनही तपकिरी होतो. पातेल्यातला वरून फिकट राहतो, कारण त्याला आच खालून लागते. पण कडा पाहा, कशा खरपूस झालेल्या असतात! आपल्याकडच्या कुंथलगिरीच्या पेढ्याचा तपकिरी रंग आठवतो का? दुधातील साखर आणि प्रथिने तापून एकत्र आली की हा रंग आणि ती खमंग चव येते. मायार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ मध्ये या क्रियेचे वर्णन केले. पेढ्याची कढई, भाकरीचा तवा आणि केकचा डबा, तिन्ही ठिकाणी तीच क्रिया चालते.

केक वाटण्यापूर्वी एक विचारा : "शेंगदाणे चालतात ना?" काही जणांना शेंगदाण्याची ॲलर्जी असते. त्यांच्या अंगावर गांधी उठतात, घसा सुजतो, श्वास अडतो. क्वचित जिवावरही बेतते. अशा पाहुण्यासाठी लोणी न घालता केक करावा आणि भांडीही वेगळी घ्यावीत.

डबा उतरवल्यावर तासभर तरी केकला हात लावू नका. गरम केक कापला तर त्याचा चुरा होतो. दुसऱ्या दिवशी केळ्याची चव अधिक मुरते. अर्थात, तोवर तो उरला तर.

शब्दार्थ

चंगळ – मजा, ऐश. पिष्ट – धान्यात व कंदात असणारा पांढरा, बेचव पदार्थ, स्टार्च. कुबट – कोंदट, ओलसर वासाचा. यकृत – जिगर, कलेजा. भाजणावळ – भाजून देण्याची मजुरी. गांधी – अंगावर उठणारे लाल, खाजरे चट्टे. मुरणे – चव आतपर्यंत उतरणे.

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) केळे पिकताना कोणता वायू बाहेर पडतो?
(आ) तेर गावाचे प्राचीन नाव कोणते?
(इ) पातेल्यात पाणी का घालायचे नाही?

प्र. २. कारणे द्या.
(अ) चॉकलेट जिभेवर ठेवताच विरघळते.
(आ) मिश्रण कालवल्यावर वाट पाहू नये.
(इ) बुरशी आलेले दाणे भाजूनही खाऊ नयेत.

प्र. ३. लिंग ओळखा व अनेकवचन लिहा : केळे, चमचा, चटणी, शेंगदाणा, भट्टी.

प्र. ४. मैदा, तवा, खमीर, नानखटाई हे शब्द मराठीत आणि उर्दूत सारखेच आहेत. स्वयंपाकघरातील असे आणखी पाच शब्द घरी विचारून लिहा.

उपक्रम : तुमच्या घरी ईदला किंवा लग्नकार्यात होणाऱ्या एखाद्या पदार्थाची कृती आजीला किंवा नानीला विचारा आणि मराठीत दहा ओळींत लिहा.